एनपी-पीए झालात, आता पहिलं वर्ष: अमेरिकेत प्रायमरी केअर फेलोशिप कशी निवडावी, कशी मिळवावी

जानेवारी उजाडला की मला फोन यायला लागतात. बहुतेक जणी महाराष्ट्रातून बी.एस्सी. नर्सिंग करून अमेरिकेत आलेल्या, इथे एन्क्लेक्स ही नर्सिंगची लायसन्स परीक्षा देऊन आरएन (नोंदणीकृत नर्स) झालेल्या आणि आता फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या (एनपी, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणारी नर्स) शेवटच्या सेमिस्टरला. मधूनच एखादा पीएच्या (फिजिशियन असिस्टंटच्या) शाळेतला मुलगाही असतो. प्रश्न ठरलेला: "ताई, फेलोशिप करू की सरळ नोकरी धरू?"

मी फेलोशिप केली, म्हणजे पदवीनंतरचं वर्षभराचं पगारी प्रशिक्षण, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. ईशान्य अमेरिकेतल्या एका छोट्या शहरात, गरिबांसाठी चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रात, पूर्ण १२ महिने. अर्ज करताना मला सांगणारं कुणी नव्हतं आणि दोन ठिकाणी मी वेळ आणि पैसा दोन्ही घालवले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर पायरी ५ मधला पहिला प्रश्न लक्षात ठेवा.

१. ही वाट तुमच्यासाठी आहे का, ते आधी पाहा

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ही फेलोशिप मिळते ती अमेरिकेत एनपी किंवा पीए म्हणून शिकलेल्या, राष्ट्रीय परीक्षा पास झालेल्या आणि त्या राज्याचं लायसन्स असलेल्या किंवा लवकरच मिळणाऱ्या माणसाला. नर्स प्रॅक्टिशनरसाठी ती परीक्षा एएनसीसी किंवा एएएनपीसीबी घेते, पीएसाठी 'पॅन्स' असते. या परीक्षांना बसायलाच अमेरिकेतली मान्यताप्राप्त पदवी लागते. त्यामुळे:

- भारतातलं पीएचं शिक्षण घेऊन पॅन्सला बसता येत नाही.
- भारतातला नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम केलेला असला तरी इथे पुन्हा एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) किंवा डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट) करावं लागतं.
- एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना ही मागच्या दाराची वाट नाही. एमबीबीएसवाल्यांची रेसिडेन्सी वेगळी, तिच्या परीक्षा वेगळ्या.

आणखी एक फसवा शब्द आहे, 'नर्स रेसिडेन्सी'. ती हॉस्पिटलमध्ये नव्याने लागलेल्या आरएनसाठी असते. आपण जिच्याबद्दल बोलतो आहोत तिला काही ठिकाणी 'एनपी रेसिडेन्सी' म्हणतात, काही ठिकाणी 'एपीपी फेलोशिप'. एपीपी म्हणजे अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस प्रोव्हायडर, ज्यात एनपी आणि पीए दोघंही येतात. नाव काहीही असो, जाहिरातीत 'पदव्युत्तर' आणि 'प्रायमरी केअर' हे दोन्ही आहे ना, एवढं पाहा. काही कार्यक्रम फक्त एनपीसाठी असतात, काही दोघांसाठी.

२. हे वर्ष कशासाठी, ते समजून घ्या

फेलोशिप सक्तीची नाही. ती न करताही तुम्ही उद्या नोकरीला लागू शकता आणि हजारो जण लागतात. मग एक वर्ष कमी पगारावर का राबायचं?

उत्तर तासांमध्ये आहे. एनपीच्या शाळेत पेशंटसोबतचे किमान तास वर्षानुवर्षं ५०० होते. २०२२ च्या नव्या राष्ट्रीय निकषांनी ते ७५० केले. पीएच्या शाळेत ते साधारण २,००० होतात. फॅमिली मेडिसिनचा डॉक्टर एमडीनंतर ३ वर्षं रेसिडेन्सी करतो. आणि दवाखान्यात खोलीत बसलेला पेशंट तिघांकडेही तोच येतो: मधुमेह, रक्तदाब, किडनी थोडी उतरलेली, झोप नाही, नोकरी गेलेली, आणि पिशवीत ११ औषधं.

नेमकी हीच दरी भरायला २००७ मध्ये कनेटिकटमधल्या मिडलटाउनच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरने देशातली पहिली एनपी रेसिडेन्सी सुरू केली. तिची कल्पना मार्गारेट फ्लिंटर यांची, त्या स्वतःही नर्स प्रॅक्टिशनर. त्यांचा साचा आज बहुतेक सामुदायिक केंद्रांत थोड्याफार फरकाने दिसतो. आठवड्याचे चार भाग पडतात:

- स्वतःचे पेशंट असलेली ओपीडी, शेजारी प्रिसेप्टर, म्हणजे शिकवणारा अनुभवी डॉक्टर किंवा एनपी, बसलेला. हा सर्वांत मोठा वाटा.
- मेंटॉर्ड क्लिनिक, म्हणजे दुसऱ्या एखाद्या अनुभवी डॉक्टर किंवा एनपीच्या पेशंटांवर त्याच्या देखरेखीखाली काम.
- स्पेशालिटी रोटेशन: त्वचा, हाडं, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, एचआयव्ही, हेपटायटिस सी.
- वर्ग, केस-चर्चा आणि एक सुधारणा प्रकल्प.

बऱ्याच ठिकाणी केस-चर्चेसाठी प्रोजेक्ट इको वापरतात. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डॉ. संजीव अरोरा यांनी ते २००३ मध्ये हेपटायटिस सीसाठी सुरू केलं होतं. दूरच्या गावातला दवाखाना व्हिडिओवर तज्ज्ञांपुढे आपली केस मांडतो आणि सगळे मिळून शिकतात. मला माझ्या वर्षातले हे तास सर्वांत आवडायचे. दुसऱ्याच्या अडचणीतून शिकलेलं जास्त दिवस टिकतं, असा माझा अनुभव आहे.

३. पैशाचा हिशोब घरी बसून मांडा

अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार नर्स प्रॅक्टिशनरचा मध्यम पगार वर्षाला १ लाख २६ हजार २६० डॉलर होता आणि पीएचा १ लाख ३० हजार २० डॉलर. फेलोशिपच्या मी पाहिलेल्या जाहिरातींत ७० ते ९५ हजारांपर्यंत आकडे होते. म्हणजे वर्षाला ३०-६० हजार डॉलर सोडायची तयारी हवी. घरात लहान मूल असेल, डेकेअरचा खर्च असेल, गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवायचे असतील, तर हा आकडा छोटा नाही. नवऱ्याशी किंवा बायकोशी आधी बोला, कागदावर मांडा.

दुसऱ्या बाजूला हेही लिहा: सुट्ट्या, आरोग्य विमा, परीक्षेची आणि लायसन्सची फी कोण भरतं, मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा) कोणाचा. केंद्र सरकारच्या एफक्यूएचसी योजनेतलं आरोग्य केंद्र असेल तर बहुतेक वेळा एफटीसीए नावाच्या सरकारी संरक्षणाखाली कर्मचारी येतात आणि सोडून जाताना 'टेल' विमा (मागच्या कामावर नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा) स्वतःच्या खिशातून काढावा लागत नाही. खासगी ग्रुपमध्ये हा टेल हजारो डॉलरला पडू शकतो. ऑफर लेटरमध्ये याबद्दल एक ओळ असायलाच हवी.

ग्रीनकार्डधारक किंवा नागरिक असाल आणि सरकारी शैक्षणिक कर्ज असेल, तर ना-नफा केंद्रातलं पूर्णवेळ फेलोशिपचं वर्ष पीएसएलएफच्या (सार्वजनिक सेवेतल्यांसाठीच्या कर्जमाफीच्या) १२० हप्त्यांत धरलं जातं. ते फॉर्म पहिल्याच वर्षी भरून घ्या.

सापळा: 'फेलोशिपनंतर दोन वर्षं इथेच काम' अशी अट. अट वाईट नाही, मला तर ती मान्य होती. पण मध्येच सोडलं तर किती रक्कम परत द्यायची, ती दर महिन्याला कमी होते का, आणि नंतरची नेमणूक कोणत्या शाखेत असेल, हे लेखी घ्या. नाहीतर तुमचं घर एका गावात आणि शाखा दीड तासावर, असं होतं.

४. व्हिसाची तारीख आणि फेलोशिपची तारीख एकाच कागदावर लिहा

आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं.

*एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर.* ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायचा परवाना, १२ महिन्यांचा आणि फेलोशिपही १२ महिन्यांची, म्हणजे जुळलं, असं वाटतं. जुळत नाही. समजा तुमचा अभ्यासक्रम १५ मेला संपला. ओपीटी ६० दिवसांच्या आत सुरू व्हायलाच हवा, म्हणजे जास्तीत जास्त १४ जुलैला. तो पुढच्या वर्षी १३ जुलैला संपेल. फेलोशिप मात्र १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. शेवटचे सात आठवडे हवेत लटकतात. शिवाय ओपीटीत बिनकामाचे ९० दिवसच चालतात. १४ जुलै ते १ सप्टेंबर यातले ४९ दिवस तिथेच गेले. लायसन्स उशिरा आलं तर उरलेलेही जातात. नर्सिंगला स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी, ओपीटीची वाढ सहसा मिळत नाही. म्हणून मुलाखतीच्या वेळीच विचारा: सुरुवातीची तारीख थोडी अलीकडे येईल का, आणि एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) साठी अर्ज कराल का? ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. त्या पहिल्या आठवड्यातच करा.

*एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर.* एच-४ ईएडी (कामाचा परवाना) असेल तर काम करता येतं. पण कार्डाची मुदत वर्षाच्या मध्ये संपत असेल तर नूतनीकरण १८० दिवस आधीपासून करता येतं, तेवढ्या आधी कराच. मी हे केंद्राच्या एचआरला पहिल्या ईमेलमध्येच सांगून टाकलं होतं. लपवून काही फायदा नाही.

*एच-१बी लागणार असेल तर.* विद्यापीठाशी जोडलेली केंद्रं सोडली तर बहुतेक आरोग्य केंद्रं दरवर्षीच्या ठरावीक व्हिसांच्या मर्यादेत, म्हणजे लॉटरीत येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला आहे. तुमच्या परिस्थितीत तो लागू होतो का, हे इमिग्रेशन वकिलाकडूनच समजून घ्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नाही.

*नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले नसाल तर हेही पाहा:* एचआरएसए या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या अनुदानावर चालणाऱ्या एनपी फेलोशिपच्या जागांना नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. माजी सैनिकांच्या व्हीए दवाखान्यांतल्या पगारी जागा साधारणपणे नागरिकांनाच मिळतात. व्हीएचे कार्यक्रम दर्जेदार आहेत. २०११ मध्ये सिएटल, बॉयझी, सॅन फ्रान्सिस्को, क्लीव्हलँड आणि वेस्ट हेवन इथे त्यांनी प्रायमरी केअर शिक्षणाची केंद्रं उघडली. पण अट वाचल्याशिवाय निबंध लिहायला बसू नका. मी बसले होते. दोन आठवडे गेले.

५. कार्यक्रम शोधा आणि पारखा

शोधायला सोपी जागा म्हणजे मान्यता देणाऱ्या संस्थांच्या याद्या: कन्सॉर्टियम फॉर अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस प्रोव्हायडर्स, एएनसीसी, सीसीएनई, आणि पीएसाठी एआरसी-पीए. मान्यता नसलेला कार्यक्रम वाईटच असतो असं नाही. काही नवे आणि चांगले कार्यक्रम मान्यतेच्या वाटेवर असतात. पण मान्यता असली की आठवड्याची रचना आणि मूल्यमापन बाहेरच्या कुणीतरी पाहिलेलं असतं.

आता तो प्रश्न. प्रत्येक कार्यक्रमाला हेच विचारा:

"मी ओपीडीत असते तेव्हा माझ्या प्रिसेप्टरचे स्वतःचे पेशंट असतात का?"

उत्तर 'नाही' असलं पाहिजे. प्रिसेप्टर त्या चार तासांत फक्त तुमच्यासाठी बसलेला हवा. हे पक्कं असेल तर बाकी पुष्कळ उणिवा चालतात. हे नसेल तर सुंदर माहितीपत्रक, मोठं नाव, काही उपयोगाचं नाही.

माझ्या एका मैत्रिणीचं सांगते. सोलापूरची, आमच्या शाळेतली सर्वांत हुशार. तिने एका नावाजलेल्या ठिकाणची जागा घेतली. कागदावर प्रिसेप्टर होता. प्रत्यक्षात त्याच वेळी तो स्वतःचे १८ पेशंट पाहायचा. ती दाराबाहेर उभी राहायची, हातात टॅब्लेट, आत पेशंट वाट पाहतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग आतून येऊन तो म्हणायचा, "तुला काय वाटतं तेच कर." वर्षाच्या शेवटी तिचा हात बसला, पण भीती गेली नाही. ती आज चांगली एनपी आहे, ती तिच्या जिद्दीमुळे. त्या वर्षाने तिला काही दिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

याउलट माझ्या प्रिसेप्टर बाईंची खुर्ची आमच्या छोट्या खोलीत, दारासमोरच. मी बाहेर आले की त्या मान वर करायच्या. पहिल्या महिन्यातली एक केस. साठीच्या एक बाई, स्पॅनिश बोलणाऱ्या, एवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ११ च्या वर. इन्सुलिन लिहिलेलं होतं, फार्मसीतून उचललेलंही होतं. मी डोस वाढवायचा ठरवून बाहेर आले. प्रिसेप्टर बाईंनी विचारलं, "महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या किती युनिट घेतात?" मला माहीत नव्हतं. मी आत गेले, दुभाषाला पुन्हा फोन लावला. बाई आधी काही बोलल्या नाहीत. मग पर्समधून इन्सुलिनचं पेन काढून दाखवलं: निम्मं घेतात, म्हणजे पुढच्या पगारापर्यंत पुरतं. डोस वाढवला असता तर कागदावर बरोबर झालं असतं आणि घरी काहीच बदललं नसतं. आम्ही त्या दिवशी औषध बदललं नाही. त्यांना केंद्राच्या स्वस्त औषध योजनेत नाव नोंदवायला खाली पाठवलं. तीन महिन्यांनी एवनसी ८.४ आला. त्या एका प्रश्नासाठी माझं वर्षभराचं पगाराचं नुकसान वसूल झालं, असं मी मानते.

बाकीचे प्रश्न पटापट:

- पहिल्या महिन्यात एका सत्रात किती पेशंट, सहाव्यात किती, बाराव्यात किती? आमच्याकडे सुरुवातीला ३-४ आणि शेवटी ८ होते. पहिल्याच महिन्यात ८ सांगत असतील तर ती नोकरी आहे, पगार तेवढा कमी.
- मागच्या दोन वर्षांतले फेलो आज कुठे आहेत? त्यातल्या एकाशी बोलता येईल का? नाही म्हणाले तर सावध व्हा.
- बुप्रेनॉर्फिन (अफूवर्गीय व्यसनावरचं औषध), आययूडी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक), नेक्सप्लॅनॉन (दंडात बसवायचं गर्भनिरोधक), सांध्यातली इंजेक्शनं, त्वचेची बायोप्सी यातलं हाताने काय करायला मिळतं? नेक्सप्लॅनॉनचं प्रशिक्षण कंपनीचंच घ्यावं लागतं. ते वर्षात बसवलंय का?
- चार्ट लिहायला राखीव वेळ आहे का, की रात्री घरी?

६. कागदपत्रं गोळा करा, आणि नावं जुळवा

यादी:

- सीव्ही, दोन पानांत
- वैयक्तिक निबंध, बहुधा एक ते दोन पानं
- तीन शिफारसपत्रं, त्यातलं किमान एक क्लिनिकल प्रिसेप्टरचं
- एनपी किंवा पीए शाळेची ट्रान्सक्रिप्ट, आणि बहुतेक ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंगचीही
- आरएन लायसन्स (एनपीसाठी)
- बोर्ड परीक्षेचा (पायरी १ मधल्या राष्ट्रीय परीक्षेचा) निकाल किंवा परीक्षेची तारीख
- बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) कार्ड, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं
- क्लिनिकल तासांची नोंदवही
- लसीकरण, क्षयरोग चाचणी, हेपटायटिस बी टायटर (प्रतिकारशक्तीची रक्तचाचणी)
- कामाचा परवाना: ईएडी, ग्रीनकार्ड किंवा पासपोर्ट

आता नावांचं. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. अमेरिकन विद्यापीठात भरताना 'मिडल नेम' कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी रिकामं. माझ्या आरएन लायसन्सवर एक नाव होतं, ट्रान्सक्रिप्टवर दुसरं आणि बोर्डाच्या निकालावर तिसरं. तिन्ही मीच, पण संगणकाला ते कळत नाही. एनपी लायसन्सचा अर्ज सहा आठवडे नुसता 'अपूर्ण' म्हणून पडून राहिला आणि मला कुणी कळवलंही नाही. मीच फोन केला तेव्हा उलगडा झाला.

उपाय: शेवटच्या सेमिस्टरच्या आधी सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव करून घ्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत इंग्रजीत ठेवा. मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागतं. राजपत्रात नावबदल केला असेल तर त्या पानाची प्रत ठेवा. 'हे सगळं एकाच व्यक्तीचं नाव' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र एक काढून ठेवा. शंभरदा उपयोगी पडतं.

७. अर्ज पाठवा

बहुतेक ठिकाणी अर्ज हिवाळ्यात घेतात, मुलाखती वसंतात, सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पण प्रत्येकाची तारीख वेगळी, डॉक्टरांच्या रेसिडेन्सीसारखी एकत्र निवड ('मॅच') इथे नाही. मी एक वही केली होती: केंद्राचं नाव, शेवटची तारीख, कोण पत्र लिहिणार, पाठवलं की नाही.

शिफारसपत्र मागताना नुसतं "पत्र द्याल का" म्हणू नका. सोबत सीव्ही, निबंधाचा मसुदा आणि तुम्ही त्यांच्यासोबत पाहिलेल्या दोन-तीन केस लिहून द्या. आपल्याला मागायला संकोच वाटतो, मोठ्या माणसाला त्रास नको असं वाटतं. इथे उलट आहे. माहिती दिली की त्यांचं काम सोपं होतं आणि पत्र नेमकं उतरतं. किमान पाच आठवडे आधी मागा.

निबंधाबद्दल: 'लहानपणापासून सेवेची आवड' हे वाक्य शेकडो अर्जांत असतं. त्याऐवजी एक पेशंट लिहा, ओळख पटणार नाही असा, आणि तिथे तुम्हाला काय जमलं नाही ते प्रामाणिकपणे लिहा. मिरजेच्या वॉर्डात रात्रपाळी केली असेल, प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षणाला गेला असाल, आशाताईंसोबत घरोघरी फिरला असाल, तर ते जरूर लिहा. कमी साधनांत काम केल्याचा अनुभव या केंद्रांना खरोखर मोलाचा वाटतो. अनुभव खरा असू द्या. फुगवलेला मुलाखतीत उघडा पडतो.

८. मुलाखत

बहुधा दोन-तीन जण बोलतात आणि एखादी केस देतात. उत्तर बरोबर येण्यापेक्षा तुम्ही 'मला माहीत नाही, मी इथे शोधेन, आणि तोवर पेशंटसाठी हे करेन' असं शांतपणे म्हणता का, हे ते पाहतात. आपल्या शिक्षणात 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. घरी मोठ्याने म्हणून सराव करा.

शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतील तेव्हा पायरी ५ मधली यादी काढा. उत्तरं तिथेच लिहून घ्या.

९. निवड झाली: आता लायसन्स आणि नोंदण्या

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढचं मागच्यावर अवलंबून असतं.

1. बोर्ड परीक्षा. पदवीनंतर ३-४ आठवड्यांत द्या. विद्यापीठ अंतिम ट्रान्सक्रिप्ट कधी पाठवणार, हे आधीच विचारून ठेवा. उशीर इथेच होतो.
2. त्या राज्याचं लायसन्स. सापळा: आरएनचं कॉम्पॅक्ट लायसन्स अनेक राज्यांत चालतं, म्हणून एनपीचंही चालेल असं वाटतं. चालत नाही. एनपी लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं. ठसे आणि पार्श्वभूमी तपासणीला वेळ लागतो.
3. एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळखक्रमांक. फुकट मिळतो, वेळ लागत नाही.
4. राज्याची नियंत्रित औषधांची नोंदणी. काही राज्यांतच लागते, पण लागते तिथे ती डीईएच्या (केंद्र सरकारच्या अशाच नोंदणीच्या) आधी.
5. डीईए. ३ वर्षांसाठी ८८८ डॉलर. बहुतेक केंद्रं ही फी भरतात, पण आधी विचारा. जून २०२३ पासून व्यसनाधीनतेवर ८ तासांचं प्रशिक्षण लागतं. तुमच्या शाळेच्या अभ्यासक्रमात ते झालं असेल तर तसं पत्र शाळेकडून घेऊन ठेवा.
6. सीएक्यूएच (विमा कंपन्या पाहतात ती तुमची ऑनलाइन नोंद) आणि विमा कंपन्यांचं क्रेडेन्शिअलिंग, म्हणजे पात्रतेची तपासणी. केंद्र करतं, पण सीएक्यूएचमध्ये माहिती तुम्हीच भरायची आणि दर १२० दिवसांनी पुन्हा खरी असल्याचं नोंदवायचं.

राज्याचा कायदाही वाचा. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरसोबत करार लागतो. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात स्वतंत्र कामाआधी ठरावीक तासांचा अनुभव लागतो. फेलोशिपचे तास त्यात धरले जातात का, हे तिथल्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाला विचारून लेखी उत्तर ठेवा.

१०. पहिले तीन महिने

रोज संध्याकाळी दहा मिनिटं: आज अडले त्या तीन गोष्टी वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी प्रिसेप्टरला विचारा. मी मराठीत लिहायचे, पटकन व्हायचं.

केस मांडताना आधी तुमचं मत सांगा, मग प्रश्न विचारा. "काय करू?" पेक्षा "मला वाटतं हे थायरॉइडचं आहे, टीएसएच पाठवते, पण वजन का वाढलं नाही ते कळत नाही" असं बोललात की प्रिसेप्टरला तुमचा विचार दिसतो आणि तो तिथेच दुरुस्त करू शकतो.

मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटचे मोजे काढून पाय पाहा. मोजे तुम्ही काढा, त्यांना सांगून निघून जाऊ नका. वयस्कर माणसाला वाकता येत नाही आणि ते लाजून 'काही नाही' म्हणतात.

दुभाषाचा फोन कितीही संथ वाटला तरी वापरा. पेशंटच्या दहा वर्षांच्या मुलाकडून भाषांतर करून घेऊ नका. आपल्याकडचे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी इकडे आलेले असतात, तेही कधी या केंद्रांत येतात. मराठी दुभाषा फोनवर मागता येतो, हे मला पाचव्या महिन्यात कळलं. तोवर एका आजोबांशी मी स्वतःच मराठीत बोलले होते, पण सहकारी एनपीला ती सोय नव्हती. सकाळच्या बैठकीत सगळ्यांना सांगून टाका.

चार्ट त्याच दिवशी बंद करा. आठवड्याच्या शेवटी साठवलेले २० चार्ट आठवत नाहीत, आणि न आठवणाऱ्या पेशंटबद्दल लिहिणं धोक्याचं असतं.

आणि पुढची नोकरी शोधायला सातव्या महिन्यात लागा. नव्या ठिकाणचं क्रेडेन्शिअलिंग पुन्हा ९० ते १२० दिवस खातं. त्याच केंद्रात राहायचं असेल तर तेही सातव्यातच सांगा, म्हणजे तुमचे वर्षभराचे पेशंट दुसऱ्याच्या यादीत टाकायच्या आत तुमच्याच नावावर राहतील. त्या इन्सुलिनवाल्या बाई अजून माझ्याकडेच येतात.